पालकांनी त्वरित भेटावे

प्राथमिक शिक्षकाच्या भात्यात एकच ब्रह्मास्त्र असतं. वहीच्या पानावर लाल शाईनं लिहायचं, ‘पालकांनी त्वरित भेटावे.’ खाली सही, सहीखाली दोन रेघा. दोनच, कारण तिसरी मारली की शंभर पानी वहीचा कागद फाटतो.

तिसरीतला एक गडी आठ दिवस गृहपाठ म्हणून नुसती तारीख लिहून आणत होता. तारीख मात्र रोज बिनचूक, वळणदार, भोवती वेलबुट्टी. नवव्या दिवशी मी अस्त्र सोडलं : ‘आपला पाल्य अभ्यास करत नाही. पालकांनी त्वरित भेटावे.’ दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या आधीच वडील हजर. खांद्यावर रुमाल, हातात हरभऱ्याच्या ढाळ्यांची पेंढी. मी चेहरा जमेल तेवढा गंभीर केला.

“सर, लई उपकार झाले,” ते म्हणाले. “आमच्या घरात आजवर कुणाचं असं कवतिक कुणी लिवून पाठवलं नव्हतं. रातीच त्याच्या मायनं दृष्ट काढली.”

हळूहळू उलगडा झाला. वडलांना अक्षर जेमतेम लागतं. त्यामुळं चिठ्ठी वाचून दाखवायचं काम घरात ज्याला वाचता येतं त्याच्याकडं, म्हणजे आरोपीकडंच, गेलं. त्यानं वाचलं ते असं : ‘आपला मुलगा वर्गात सगळ्यात हुशार आहे. त्याला सकाळी गुरांमागं पाठवू नये. खाऊला रोज पाच रुपये द्यावेत. पालकांनी भेटावे.’ शेवटचं वाक्य त्यानं मूळ संहितेतलंच ठेवलं होतं. वडलांना ‘भेटावे’ एवढा शब्द ओळखू येतो, हे त्याला ठाऊक होतं.

मी पोराकडं पाहिलं. तो भिंतीवरचा महाराष्ट्राचा नकाशा बघत होता, आयुष्यात पहिल्यांदाच. मला राग यायला हवा होता. पण आठ शब्दांच्या मजकुरावरून जो न अडखळता चार वाक्यं वाचतो, त्याला वाचनात मागं कसं म्हणायचं? ढाळे मी घरी नेले आणि भाजून खाल्ले. ती लाच होती की पुरावा, हे अजून ठरलेलं नाही.

आमची शाळा मुखेड तालुक्यातली, जिल्हा परिषदेची. वर्ग चार, शिक्षक दोन, त्यांतला एक कायम कुठल्या तरी प्रशिक्षणाला. तालुका असा वसलाय की एका अंगाला कर्नाटक, आणि तेलंगणही फार लांब नाही. गावात मराठी, तांड्यावर बंजाऱ्यांची गोरमाटी, बाजारात कन्नड आणि तेलुगूचे तुकडे, आणि जुन्या म्हाताऱ्यांच्या हिशेबात उर्दू. अशा ठिकाणी वरून आदेश येतो : ‘वर्गातील घडामोडींची माहिती पालकांना नियमितपणे द्यावी.’ कुठल्या भाषेत, ते आदेशात नसतं.

उर्दूवरून आठवलं. मी नोकरीत नवा असताना एका पोराच्या प्रगतिपुस्तकावर पालकाची सही आली ती उजवीकडून डावीकडं. सही आजोबांची होती. ते निजामाच्या राज्यात शिकलेले. त्यांची शाळा आणि निजामाचं राज्य, दोन्ही १९४८ साली जवळपास एकदमच सुटली. राज्य १७ सप्टेंबरला पोलीस कारवाईनं संपलं, आजोबांना वडलांनी औतावर नेलं. मुख्याध्यापकांनी सही पाहिली आणि म्हणाले, “आजोबा, ही सही उलटी आहे.” आजोबांनी शांतपणे पुस्तक हातात घेऊन पाहिलं. “सही सरळच हाय, गुरुजी. तुमचा कागुद उलटा हाय.” नंतर मी त्या नातवाचे गुण पाहिले. म्हातारा अगदीच चूक बोलत नव्हता.

तेव्हा निरोप पोचवायला दवंडी होती, मग मारुतीच्या देवळावरचा भोंगा आला. भोंग्याची पोच चांगली, खासगीपणा कमी. ‘खालील मुलांच्या पालकांनी शाळेत यावं’ असं म्हणून नावं वाचली, की ज्यांची नावं वाचली ते सोडून सगळा गाव गोळा व्हायचा.

मग कायदा आला. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्यात शाळा व्यवस्थापन समिती आली. सदस्यांत पाऊण हिस्सा पालक, निम्म्या बाया. कागदावर ही फार मोठी गोष्ट आहे, आणि खरं सांगायचं तर जमिनीवरही आहे, फक्त सोयाबीनच्या पेरणीत, तुरीच्या काढणीत, लग्नसराईत आणि माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत नाही. उरलेल्या दिवसांत सभा भरते. सगळ्यात भरगच्च सभा २६ जानेवारीला झेंडावंदनानंतर, जिलबी वाटायच्या आधी. जिलबी आधी वाटली तर सभा होत नाही, हा अनुभव मी एकदाच घेतला.

सभेत मी वर्गात काय चाललंय ते सांगतो. निपुण भारत, अध्ययन स्तर, वाचन, संख्याज्ञान. सगळे मन लावून ऐकतात. मग मागून एक काका उठतात. “ते समदं ठीक हाय सर. पर मारता का न्हाई?”

“काका, कायद्यानं मारायला बंदी आहे. कलम १७.”

“आमी देतो की लिवून. हाडं आमची, मांस तुमचं.”

पालकांनी लेखी देऊ केलेली आणि मी स्वीकारू न शकलेली ही एकमेव परवानगी. मारत नाही म्हटल्यावर सभेत कुजबुज होते. सरांची तब्येत बरी नसावी, असा एक सूर निघतो. एक आजी तर दुसऱ्या दिवशी दूध घेऊन आली.

मूल्यमापनाचीही गोष्ट त्याच सालची. २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू झालं आणि प्रगतिपुस्तकात नापास हा शब्द उरला नाही. त्याच्या जागी आल्या वर्णनात्मक नोंदी. प्रत्येक मुलाबद्दल प्रत्येक विषयात चांगलं, नेमकं आणि वेगळं काहीतरी लिहायचं. चाळीस पोरं, आठ विषय, दोन सत्रं. कालिदासाला बसवला असता तरी त्यानं दुसऱ्या सत्रात राजीनामा दिला असता. मग तयार नोंदींच्या पुस्तिका निघाल्या, फोनवर याद्या फिरू लागल्या, आणि आम्हा शिक्षकांची एक स्वतंत्र बोली तयार झाली. ती पालकांना कळत नाही. कळू नये म्हणूनच ती आहे, असा माझा संशय आहे.

‘परिसराचे बारकाईने निरीक्षण करतो’ म्हणजे दिवसभर खिडकीबाहेर बघतो. ‘स्वतःचे मत ठामपणे मांडते’ म्हणजे तिच्याशी भांडायची माझीही टाप नाही. ‘मित्रांना अभ्यासात मदत करतो’ म्हणजे पाटी तिरकी धरतो. ‘गटाचे नेतृत्व करतो’ म्हणजे मधल्या सुट्टीनंतर चौघांना घेऊन जांभळाच्या झाडावर सापडतो. ‘कलेत विशेष रुची’ म्हणजे बोलक्या भिंतीवरच्या वाघाला चष्मा काढला, तोही कोळशानं, म्हणजे पुसता येईना. आणि ज्याच्याबद्दल खरंच काही सुचत नाही त्याला ‘नियमित उपस्थित राहतो’. ही नोंद मी एकदा घाईत अशा पोराच्या पुस्तकात लिहिली, जो दोन महिने आत्याच्या गावाला होता.

१ मेला निकाल. एक बाई प्रगतिपुस्तक उलटसुलट करून बघत होत्या. लेकीनं त्यांना सगळ्या नोंदी वाचून दाखवल्या, या वेळी प्रामाणिकपणे, कारण नोंदीच इतक्या गोड होत्या की त्यात भर घालायला जागा नव्हती. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “सर, लिवलंय झकास. पर पास झाली का?”

“मावशी, आता पास-नापास नसतं.”

“मंग एवढं कामून लिवलं?”

याचं उत्तर मी गेली पंधरा वर्षं शोधतोय.

मध्यंतरी मला वाटलं, आपण समोरासमोर बोलावं, मध्ये कागद नको. म्हणून तांड्यावर गेलो. पहिलीतली एक पोरगी आठ दिवस आली नव्हती. तिची याडी, म्हणजे आई, दारात बसून ज्वारी निवडत होती. तिचं मराठी आणि माझं गोरमाटी सारखंच, म्हणजे नमस्कारापुरतं. दुभाषी म्हणून उभी राहिली तीच गैरहजर पोरगी. मी पाच मिनिटं बोललो. शिक्षणाचं महत्त्व, मुलींचं शिक्षण, सावित्रीबाई, पाया कच्चा राहिला तर पुढं काय होतं, सगळं. पोरीनं ते सगळं तीन शब्दांत सांगितलं. आई खळखळून हसली. आई तेवढंच काहीतरी बोलली, पोरीनं त्याचं मराठी केलं : “याडी म्हणती, चहा घ्या.” मी काय बोललो असं तिनं सांगितलं असावं, याचा मी परतीच्या वाटेवर बराच विचार केला. पोरगी मात्र दुसऱ्या दिवसापासून येऊ लागली. म्हणजे ते तीन शब्द माझ्या पाच मिनिटांपेक्षा चांगले होते, एवढं नक्की.

व्हॉट्सॲप आलं तेव्हा वाटलं, आता सुटलो. गट काढला. २०२० साली शाळा बंद पण शिक्षण सुरू अशी अवस्था होती. तेव्हा तर तोच आमचा वर्ग, तोच फळा. अडचण एवढीच की घरात फोन एक, आणि तो बापाच्या खिशात. बाप शेतात. म्हणजे मी पाठवलेली बेरजेची उदाहरणं दिवसभर सोयाबीनमधून फिरून रात्री नऊला घरी पोचायची, तेव्हा विद्यार्थी झोपलेला असायचा. एका वडलांनी ती स्वतःच सोडवून पाठवली. सातपैकी पाच बरोबर होती. मी त्यांना ‘छान प्रयत्न’ लिहिलं. त्यांनी पुढचे तीन दिवस अभ्यास केला, मग पाऊस पडला.

आज गटात सकाळी फुलं येतात, दुपारी सोयाबीनचा भाव, संध्याकाळी कुणाच्या तरी वाढदिवसाचा फलक, मध्येच ‘मुऱ्हा म्हैस विकणे आहे, दुसरं वेत’. त्या गर्दीत माझा निरोप : ‘उद्या सर्वांनी रंगपेटी आणावी.’ त्याखाली तेवीस अंगठे. दुसऱ्या दिवशी रंगपेट्या दोन. आमच्याकडं अंगठ्याचा इतिहास मोठा आहे. आधी रजिस्टरात शाई लावून अंगठा होता. मग नव्वदच्या दशकात साक्षरता मोहीम झाली, रात्रीचे वर्ग भरले, माणसं सही शिकली, अंगठ्याची लाज वाटू लागली. मग हा फोन आला आणि सरपंचापासून साहेबांपर्यंत सगळे पुन्हा अंगठ्यावर आले. फक्त आता तो पिवळा असतो.

इतकं सगळं करून वर्गातली जी बातमी खरोखर घरोघर पोचते, ती मी पाठवलेली नसतेच. ‘आज काय शिकवलं?’ या प्रश्नाला आमच्या गावात एकच उत्तर आहे : ‘खिचडी.’ नाही तर ‘मटकीची उसळ’. सरकारी हिशेबानं पहिली ते पाचवीच्या मुलाला शंभर ग्रॅम तांदूळ, साडेचारशे उष्मांक, बारा ग्रॅम प्रथिनं. हे आकडे मला पाठ, पालकांना परिणाम पाठ. शाळेत चव नोंदवही असते; वाढायच्या आधी चव घेऊन कुणीतरी शेरा लिहायचा. माझ्या वीस वर्षांच्या दप्तरात पालकांचं मनापासूनचं मत फक्त याच एका वहीत आहे. इतिवृत्तात सगळे ठराव सर्वानुमते मंजूर. चव नोंदवहीत ‘मीठ कमी’, ‘मिरची ज्यादा’, आणि एका आईनं स्वतःच्या हातानं, नव्यानं शिकलेल्या अक्षरात, ‘करणारीला म्हणावं डाळ धू’.

नोव्हेंबर २०२३ पासून आठवड्यातून एकदा अंडं आलं. जो खात नाही त्याला केळं. घरोघर विचारून यादी केली. एका माळकरी आजोबांनी नातवाचं नाव केळ्याच्या यादीत स्वतः घातलं. नातू पहिल्या आठवड्यात केळ्याकडं बघत बसला. दुसऱ्या आठवड्यात माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “सर, केळं ह्याला देतो, अंडं मी घेतो. घरी सांगू नका.” आता बघा, पालकांना माहिती द्यायची म्हणून मी आयुष्य घालवलं, आणि इथं एक पालक अशी माहिती हवी म्हणून रोज पारावर बसलेला. आजोबा विचारायचे, “सर, आमचा खातो का केळं?” मी म्हणायचो, “आजोबा, यादीप्रमाणं वाटप चाललंय.” हे वाक्य मी तालुक्याच्या बैठकांमध्ये शिकलो. जानेवारी २०२५ मध्ये सरकारनं अंड्याचा निधी थांबवला. त्या दिवशी आमच्या वर्गात सगळ्यात दुःखी कोण होतं, ते मी कुणालाही सांगितलेलं नाही.

उलट दिशेची टपालसेवा मात्र उत्तम आहे. रोज परिपाठात प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष झाल्यावर बातम्या असतात. वर्तमानपत्र दुपारच्या गाडीनं येतं, म्हणून मी म्हटलं, आपापल्या परिसरातली बातमी सांगा. तेव्हापासून गावात मला न कळलेलं काही उरलेलं नाही. “आजच्या ठळक बातम्या. काल रात्री आमच्या म्हशीला रेडकू झालं. माझ्या काकाला बघायला पाहुणे आले होते, पोहे खाऊन गेले आणि नाही म्हणाले. आई आणि आजी बोलत नाहीत. बातम्या संपल्या.” हे सगळं खणखणीत आवाजात, सावधान उभं राहून. मी कितीदा सांगितलं, घरातलं नको, गावातलं सांगा. पुढच्या दिवशी पोरानं शेजाऱ्याच्या घरातलं सांगितलं.

आणि इथून घरी जाते ती बातमी कशी असते? गेल्या वर्षी मुखेडला दशरथेश्वराचं देऊळ दाखवायला पोरं नेली. हेमाडपंती बांधणी, कोरीव भिंती, त्यावरच्या सप्तमातृका. मी आदल्या रात्री वाचून गेलो होतो, पोटतिडकीनं बोललो. संध्याकाळी गाडी गावात आली. सात वाजता एक वडील घरी. उभेच. “सर, जरा इचारायचं व्हतं. पोरगं म्हणालंय, सरांनी आमाला मुखेडला नेऊन सात नाचणाऱ्या बाया दाखवल्या.”

“अहो, दगडाच्या.”

“ते त्यानं सांगितलं न्हाई.”

दुसऱ्या दिवशी भोंग्यावरून खुलासा करावा का, असा विचार आला होता. पण भोंग्यावर ‘बाया दगडाच्या होत्या’ हे वाक्य कसं वाजेल, हे मनाशी म्हणून पाहिलं आणि गप्प बसलो.

दिवाळी झाली की ऊसतोडीसाठी तांडा रिकामा होतो. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवरा-बायकोचा एक कोयता, असे कोयते ट्रकात बसून सांगलीकडं, बेळगावकडं जातात. पोरं काही बरोबर जातात, काही म्हाताऱ्यांजवळ राहतात. पाच महिने या पालकांची सभा नाही, सही नाही, जिलबी नाही. फक्त फोन येतो. तोही अवेळी, फडातून, मध्ये वारा. आणि गंमत म्हणजे गावात राहणारे पालक जे कधी विचारत नाहीत ते नेमकं हे विचारतात. पोरगी कुठं बसती? शेजारी कोण? आज काय लिवलं? माझ्याकडं निपुणचे सगळे आकडे तयार असतात, पण शेजारी कोण बसतं ते मला हजेरी बघून सांगावं लागतं.

या जानेवारीत दुसरीतल्या एका पोरीच्या आईचा असाच भर वर्गात फोन आला. फोन तिचा नव्हता, टोळीतल्या कुणाचा तरी होता. पण चित्र दिसणारा होता. म्हटलं, बघाच वर्ग. फोन उंच धरून उभा राहिलो. तिकडं उसाची पाचट, पाच-सहा डोकी एकावर एक, डोक्यांना चुंबळी. इकडं दुसरी-तिसरी एकत्र, सगळे एकदम ओरडताहेत. पोरीनं पाढा म्हणून दाखवला, सहाचा. सहा सात बेचाळीसला अडली, तिकडून कुणीतरी सांगितलं. एका काकांनी मागून विचारलं, “सर, आज खिचडीच का?” मी म्हटलं, पुलाव. फडात जरा शांतता पसरली.

मग मी ठेवणीतलं भाषण काढलं. आपली मुलगी वर्गात सक्रिय सहभाग घेते, वाचनात तिची प्रगती समाधानकारक... आई ऐकत होती, पण तिची नजर माझ्यावर नव्हती.

“सर,” ती मध्येच म्हणाली, “तुमच्या मागं एक पोरगं हुबं हाय. तुमी बोलायलाव तसंच त्येबी बोलायलंय. हातवारे करून.”

वर्ग एकदम चिडीचूप झाला. म्हणजे वर्गाला माहीत होतं. मी गर्रकन वळलो.

तो भिंतीवरचा नकाशा बघत होता.

“हाच का?” मी विचारलं.

“हाच,” आई म्हणाली. “रोज करतंय म्हणं. पोरगी फोनवर सांगती की.”